बारीक नजर आहे, इन्स्पेक्शनमध्ये जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई कराडच्या, वय २७, रसायनशास्त्रात बीएस्सी, सध्या एका खासगी ऑफिसात डेटा एन्ट्री करतात. लग्नपत्रिकेतली चुकलेली वेलांटी, किराणा बिलातला दहा रुपयांचा घोळ, भिंतीवर तिरकी लागलेली फ्रेम त्यांना न शोधता दिसते. घरात ‘किडे काढते’ म्हणून बोलणी बसतात. कामात चूक नसते, पण वेग कमी म्हणून साहेब नाराज. तपासणीच्या, म्हणजे इन्स्पेक्शनच्या नोकरीत आपलं जमेल का, कुठल्या क्षेत्रात जावं, कोर्सला पैसे घालावेत का, आणि चष्मा आड येईल का, हे त्यांना हवंय.

मी २६ वर्षं हेच करतोय. भोसरीतल्या एका लहान मशीन शॉपमध्ये लाइन इन्स्पेक्टर, मग स्टँडर्ड रूम (म्हणजे मापनाची खोली), मग आठ वर्षं थर्ड पार्टी (म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीने दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन माल बघायचा), आणि आता चाकणला नव्या पोरांना शिकवतो. तेव्हा ताई, जमेल. पण तुम्हाला ज्या कारणासाठी जमेल असं वाटतंय, ते कारण अर्धंच आहे.

तुम्हाला जे खटकतं ते, आणि ड्रॉइंगला जे चालत नाही ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे एक मुलगा लागला होता, फार काटेकोर. ॲल्युमिनियम हाउसिंगचा ११०० चा लॉट होता. संध्याकाळपर्यंत पठ्ठ्याने पावणेतीनशे पीस लाल ट्रेमध्ये टाकले. का, तर बाहेरच्या अंगावर टूलच्या रेघा दिसत होत्या. मी ड्रॉइंग उघडलं. त्या अंगाला आरए, म्हणजे खडबडीतपणाचा आकडा, ३.२ पर्यंत चालत होता, रफनेस टेस्टर लावला तर सगळे दोनच्या आसपास. माल उत्तम होता. तो म्हणाला, “सर, पण बरोबर नाही ना दिसत.” त्याला चांगलं-वाईट कळत नव्हतं असं नाही. स्वतःच्या डोळ्यांना काय आवडतं यावर तो माल अडवत होता. त्याला मी लिमिट सॅम्पलचं कपाट दाखवलं. ‘इथपर्यंत चालेल’ असा एकेक पीस गिऱ्हाइकाच्या सहीनिशी तिथे ठेवलेला असतो. डाग, चरा, रंगाची छटा, जे मापात बसत नाही ते त्या नमुन्याशेजारी धरून ठरवायचं.

इन्स्पेक्टरच्या चुका दोन असतात. खराब माल सोडला, ही सगळ्यांना माहीत असलेली चूक. चांगला माल अडवला, ही दुसरी. तुमच्यासारख्यांच्या हातून ही दुसरीच जास्त होते, आणि तिच्याबद्दल कोणी सावध करत नाही. कारण काटेकोर माणसाला माल अडवताना पुण्य केल्यासारखं वाटतं.

एक माप घेऊन सांगतो. २५ मिलिमीटरची पिन, टॉलरन्स एच ७. म्हणजे माप २५.००० पासून २४.९७९ पर्यंत काहीही चालतं. सगळी मुभा २१ मायक्रॉनची. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा, म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. आता मायक्रोमीटरवर २४.९८० आलं. काटेकोर माणसाच्या पोटात गोळा येतो, ‘अगदी काठावर आहे हो’. असू दे. तो पीस २४.९९० वाल्याइतकाच पास आहे. आणि २४.९७८ आला तर तो नापास, मग सुपरवायझर कितीही म्हणो, “एका मायक्रॉनने काय आभाळ कोसळतंय?” दोन्ही वेळा हात सारखाच चालला पाहिजे. काठावरचा पास करताना थरथरणारा माणूस काठाबाहेरचा पास करायलाही फार दिवस लावत नाही, असं मी पाहिलंय. कारण त्याने रेघ ड्रॉइंगवर न ठेवता स्वतःच्या मनात ठेवलेली असते, आणि मन आज खंबीर तर उद्या थकलेलं.

याच पिनवरची माझी चूक ऐका. नोकरीचं दुसरं की तिसरं वर्ष. नाइट शिफ्ट. सीएनसीवर पिना निघत होत्या, दर तासाला पाच पीस मोजून शीटवर लिहायचे. ऑपरेटर घाईत, मीही झोपेला आलेला. पीस मशीनमधून काढला की तसाच मायक्रोमीटरमध्ये. २४.९८४, २४.९८३, २४.९८४. सगळं आत. शीट सुंदर भरली, अक्षरही माझं बरं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकाकडून फोन: माल २४.९७६ येतोय, १६०० पीस अडवलेत.

काय झालं असेल? पीस गरम होता. हातात धरवेल, पण धरून ठेवाल तर चटका बसेल इतका. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. २५ मिलिमीटरची पिन खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम असली की साडेआठ मायक्रॉन जाड दिसते. माझे २४.९८४ म्हणजे खरे २४.९७५ च्या घरातले होते. ड्रॉइंगवरचं माप जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात, हे मी डिप्लोमाला पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. रात्री दोन वाजता आठवलं नाही. आणि बारीक झालेल्या पिनेवर रिवर्कही नाही, कमी झालेलं पोलाद पुन्हा चढवता येत नाही. मी आणि दोन हेल्पर तीन दिवस गिऱ्हाइकाच्या गेटजवळच्या शेडमध्ये उभ्याने सॉर्टिंग करत होतो. मालकाने ओरडून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त ती शीट माझ्या टेबलावर आणून ठेवली.

सांगायचं असं की त्या रात्री माझी नजर तीक्ष्णच होती. एकेक मायक्रॉन मी बरोबर वाचला होता. वाचलेला आकडा कशाचा आहे, हे विचारलं नाही. तुम्हाला वेलांटी चुकलेली दिसते ही देणगी आहे, पण या धंद्यात त्यापुढचा प्रश्न पडावा लागतो: मला जे दिसतंय ते पिसाचं आहे, का मापाचं, का माझं?

हा प्रश्न पडतो त्याला उपकरणांवरही संशय येतो, आणि यायलाच हवा. चांगल्या कारखान्यात गेज आर अँड आर म्हणून एक परीक्षा असते. तेच दहा पीस तीन माणसं दोन-तीनदा मोजतात, कोणता पीस कितवा हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. मापांतला किती फरक पिसांचा आणि किती मोजण्याचा, हे टक्क्यांत निघतं. मोजण्याचा वाटा दहाच्या आत असेल तर छान, तीसच्या वर गेला तर ती पद्धत मोडीत. पहिल्यांदा ही परीक्षा देणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आपण तोच पीस सकाळी एक आणि दुपारी दुसरं मोजतो, हे पुराव्यानिशी समोर येतं. ज्याला याचा राग येतो तो या कामात रमत नाही. ज्याला गंमत वाटते तो टिकतो.

आता टिकण्याचाच विषय. तुमची नजर चारशेव्या पिसाला कशी असते? दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणारे रडारवाले तासन् तास पडद्याकडे बघायचे आणि ठिपके हुकायचे. ते का हुकतात हे बघायला नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ केलं. काटा टकटक पुढे जातो, मधूनच एकदा दुप्पट उडी मारतो, तेवढी उडी सांगायची. १९४८ मध्ये त्याने ते प्रयोग छापले: माणसं पहिल्या अर्ध्या तासातच ढेपाळतात. यात आळशीपणाचा संबंध नव्हता, लोक मन लावून बघत होते. दोष विरळ असला की डोळा उघडा राहतो आणि मन बघायचं थांबवतं. म्हणून ‘शंभर टक्के तपासणी केली’ असं कोणी छाती ठोकून सांगितलं की आम्ही जुने लोक मनातल्या मनात हसतो.

कोर्सला पैसे भरायच्या आधी घरी एक करून बघा. किलोभर बासमतीत घरच्या कोणाला तरी कोलमचे तीसेक दाणे मोजून मिसळायला सांगा. तांदळाचे चार सारखे ढीग करायचे, पण एका ढिगात कोलमचा एकही दाणा घालायचा नाही, आणि तो ढीग कोणता हे तुम्हाला सांगायचं नाही. मग बसा निवडायला, मोबाइल दुसऱ्या खोलीत. झाल्यावर दोन गोष्टी मोजा. शेवटच्या ढिगात किती सुटले, आणि रिकाम्या ढिगातून तुम्ही ‘कोलम’ म्हणून किती बासमतीचे तुकडे बाहेर काढले. पहिला आकडा तुमची दमछाक सांगेल. दुसरा आकडा सांगेल की काहीतरी सापडलंच पाहिजे, या हट्टापायी तुम्ही दोष तयार करता का. मी उमेदवारांची याच धर्तीवर परीक्षा घेतो, फक्त ट्रेमध्ये तांदळाऐवजी बुश (नळीसारखे छोटे पार्ट) असतात. हुशार म्हणून आलेले बरेचजण रिकाम्या ट्रेमध्ये पडतात.

यावरून तुम्हाला क्षेत्र निवडता येईल, कारण इन्स्पेक्शन म्हणजे काही एक काम नव्हे.

लाइनवरची व्हिज्युअल तपासणी हा एक प्रकार. मान खाली, पीस पुढे सरकताहेत. तिथे वेग लागतो आणि तुमची तक्रार वेगाचीच आहे. औषध कंपन्यांतली इंजेक्शनच्या व्हायलची तपासणी त्यातली सगळ्यात शिस्तशीर, आणि तुमच्या बीएस्सीला ती दारं उघडीही आहेत. गोव्यात वेर्णा, आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरकडचा पट्टा, तिथे हे काम चालतं. काळी पाटी आणि पांढरी पाटी शेजारी शेजारी, वर दोन हजार ते पावणेचार हजार लक्सचा उजेड. व्हायल मानेला धरून हलकेच गोल फिरवायची. जोरात हलवली की बुडबुडे येतात आणि बुडबुड्यांत कण लपतो. पांढऱ्यापुढे काळा कण किंवा धागा दिसतो, काळ्यापुढे काचेची चमक. दोन्हीकडे मिळून दहाएक सेकंद. ठरावीक वेळाने सक्तीने उठवतात आणि डोळ्यांना विश्रांती देतात. ही विश्रांती म्हणजे कंपनीचा दयाळूपणा नव्हे, मॅकवर्थचं घड्याळ आहे ते.

इथे काम सुरू करण्याआधी दोषी व्हायल मिसळलेला संच वारंवार तपासायला देतात. त्यामागची जी जुनी पद्धत आहे ती ज्युलियस नॅप याची, आणि ती मला फार आवडते. एखादी व्हायल पुन्हा पुन्हा दाखवली असता दहापैकी सात वेळा तरी नाकारली गेली, तरच ती ‘नक्की नाकारण्याजोगी’ धरायची. म्हणजे दोष असणं आणि दोष दिसणं यांच्यात शक्यतेची एक फट आहे, हे उघड मान्य करून सगळी व्यवस्था उभी केलीय. ‘माझ्या नजरेतून काही सुटत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

दुसरा प्रकार संथ आणि खोल कामाचा. तुम्हाला मी इकडे ढकलीन. कॅलिब्रेशनची प्रयोगशाळा घ्या. तिथे इतरांची मापं तपासतात: मायक्रोमीटर, डायल, प्रेशर गेज, वजनं. खोली २० अंशांवर, आणि आलेलं उपकरण ठेवून काही तास काहीच करायचं नाही, त्याला खोलीइतकं थंड होऊ द्यायचं. स्लिप गेज (मापाचे प्रमाण ठोकळे) हाताने उचलायचे नाहीत, हाताची ऊब लागते. एका आकड्याखाली तो किती खात्रीचा आहे याचा दुसरा आकडा लिहायचा. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळांत आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे हे सगळं कागदावर बांधलेलं असतं. इथे घाई करणारा माणूसच नकोसा होतो. तुमचे साहेब ज्याला मंदपणा म्हणतात, त्याला इथे सेटलिंग टाइम म्हणतात!

रसायनाच्या माणसाला शोभणारं आणखी एक काम म्हणजे सोन्याचं ॲसेइंग, सोन्याची शुद्धता तपासणं. १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं होत गेलं, आणि आता दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) असतो. जळगावसारख्या सराफी गावांत, पुण्या-मुंबईत ही केंद्रं आहेत. एक्सआरएफ या क्ष-किरणांच्या यंत्रावर आधी झटपट अंदाज, पण खरा निवाडा फायर असेचा, म्हणजे भट्टीतल्या परीक्षेचा. दागिन्याचा खरवडा पाव ग्रॅमच्या आसपास घ्यायचा, तोलायचा, चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा, भट्टीत क्युपेल नावाच्या सच्छिद्र वाटीत ठेवायचा. शिसं आणि तांब्यासारखे हलक्या प्रतीचे धातू क्युपेल पिऊन टाकतो, उरतो सोन्याचांदीचा मणी. तो ठोकून, लाटून, गुंडाळी करून नायट्रिक ॲसिडमध्ये टाकला की चांदी जाते. उरलेलं पुन्हा तोलायचं. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६. सगळा खेळ दोन वजनांचा, मध्ये कुठेही चिमूटभर सांडलं तर सोनं खोटं ठरतं आणि सोनार तुमच्या दारात येतो. मी हे स्वतः केलेलं नाही, पण एका नातेवाइकाच्या केंद्रात दोन दिवस शेजारी बसून बघितलंय. असं शांत काम मी क्वचितच पाहिलं.

एनडीटीबद्दल जरा सांभाळून. धातू न तोडता आतला दोष शोधण्याच्या पद्धती, म्हणजे डाय पेनिट्रंट, मॅग्नेटिक, अल्ट्रासोनिक, रेडिओग्राफी. वेल्डिंग, फोर्जिंग, रेल्वेचे रूळ, सगळीकडे लागतात. पण ‘दहा दिवसांत लेव्हल टू, लगेच गल्फ’ अशा जाहिरातींना भुलू नका. बहुतेक ठिकाणी एसएनटी-टीसी-१ए नावाची पद्धत चालते, आणि तिच्यात प्रमाणित करायची जबाबदारी नोकरी देणाऱ्याची असते. संस्थेने दिलेला कागद म्हणजे प्रशिक्षण झालं आणि परीक्षा दिली एवढंच. प्रत्यक्ष कामाचे तास मोजावे लागतात, ते भरल्याशिवाय कोणी विचारत नाही. पुण्या-मुंबईला आयएसएनटी या एनडीटीवाल्यांच्या भारतीय संस्थेच्या शाखा आहेत, त्यांच्याकडे आधी चौकशी करा. सुरुवात पेनिट्रंट आणि मॅग्नेटिकपासून. रेडिओग्राफीत पैसा बरा, पण तिथे किरणोत्सर्गाशी गाठ आहे, त्याचे नियम आणि प्रमाणपत्रं वेगळी, रात्री-अपरात्री साइट, आणि छातीवरचा, किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बिल्ला घरी विसरला असं म्हणायची सोय नाही. ते पहिलं पाऊल म्हणून नको.

कापडाचं म्हणाल तर इचलकरंजी, भिवंडीत घडी आणि मेंडिंगला (कापडातले दोष दुरुस्त करायला) नजरेची माणसं लागतातच, पण तुमच्या शिक्षणाला तिथे वर चढायला वाव थोडा.

सरकारी निरीक्षकाची पदं तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो, कारण नुसत्या ‘निरीक्षक’ या शब्दावर जाऊन लोक वर्षं घालवतात. औषध निरीक्षकाला फार्मसीची पदवी लागते. सहायक मोटार वाहन निरीक्षकाला ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला नुसती रसायनशास्त्राची बीएस्सी पुरत नाही, एमएस्सी लागते. तुमच्या पदवीला जवळचं पद वैध मापन शास्त्राच्या निरीक्षकाचं: विज्ञानाची पदवी हवी आणि तीत भौतिकशास्त्र एक विषय असावा. गुणपत्रिका काढून बघा, पहिल्या-दुसऱ्या वर्षाला फिजिक्स होतं का. परीक्षा एमपीएससीची. निवड झाल्यावरचं प्रशिक्षण रांचीच्या संस्थेत. दुकानातले काटे, पेट्रोल पंपाची मापं, पाकिटावरचं वजन बघायचं काम. जागा थोड्या, तेव्हा नोकरी धरून अभ्यास करा, नोकरी सोडून नको.

आता सॅम्पलिंगचं एक, कारण पहिल्याच आठवड्यात तुमचं डोकं यावर फिरणार आहे. दोन हजारांचा लॉट आला. आयएस २५०० या भारतीय मानकाच्या तक्त्याप्रमाणे नेहमीच्या पातळीला त्यातले १२५ बघायचे. एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची पातळी, एक टक्का ठरलेली असेल तर तीन खराब निघाले तरी लॉट घ्यायचा, चौथा निघाला की परत. सापडलेले तीन बाजूला काढायचे, पण न बघितलेल्या पावणेएकोणीसशेंत आणखी असतील हे माहीत असताना सही करायची. काटेकोर माणसाला हे अधर्म वाटतं. मलाही वाटायचं. वाहनांच्या धंद्यात आता शून्य दोषाशिवाय बोलतच नाहीत हे खरं, पण बाकी जग अजून या तक्त्यावर चालतं. त्या सहीचा अर्थ ‘सगळा माल चांगला आहे’ असा होत नाही. ‘ठरलेल्या रीतीने बघितला आणि ठरलेल्या रेघेत बसला’ एवढाच होतो. ती रेघ दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेली असते.

नजरेच्या पलीकडचा एक किस्सा सांगतो, मग दबावाकडे येतो. थर्ड पार्टीत असताना एका फॅब्रिकेटरकडे हायड्रो टेस्टला गेलो होतो. टाकी पाण्याने भरलेली, दाब चढवलेला, आणि अर्धा तास तो टिकतो का बघायचं. एप्रिलची दुपार, टाकी उन्हात. मला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं. गेजचा काटा एकदम स्थिर. चाळीस मिनिटं झाली तरी तसूभर हलला नाही. सगळे खूश. मला मात्र तोच स्थिरपणा खुपायला लागला. बंद टाकीतलं पाणी एवढ्या उन्हात तापतंय, दाब थोडा तरी चढायला हवा. गेज गळती दाखवत नव्हता, ठीक. पण तो ऊनही दाखवत नव्हता. उठून जवळ गेलो तर गेजखालचा छोटा व्हॉल्व्ह बंद. मुद्दाम की चुकून, मी विचारलं नाही. व्हॉल्व्ह उघडला आणि काटा खाली बसला. मागच्या बाजूच्या एका फ्लँजमधून पाणी कधीचं झिरपत होतं, खाली वाळू असल्याने ओल दिसली नव्हती.

त्यानंतर जे झालं ते खरं इन्स्पेक्शन. मालक म्हणाले, “गॅस्केट बदलतो, तुम्ही रिपोर्ट तेवढा करून टाका, ट्रेलर संध्याकाळी लागतोय.” गॅस्केट बदलल्यावर टेस्ट पहिल्यापासून पुन्हा होणार, त्याला रात्रीचे आठ वाजणार, हे मी सांगितलं. मग ओळखी निघाल्या, गाव निघालं, माझ्या सासुरवाडीजवळचेच निघाले ते. आठला टेस्ट झाली, नऊला सही केली. सरबत दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.

‘गाडी लागलीय’ हे दोन अक्षरी आणि चार अक्षरी शब्द तुम्ही रोज ऐकाल. दोष शोधायला दहा मिनिटं लागतात, तो दोष आहे यावर ठाम राहायला कधीकधी आख्खा दिवस जातो. लग्नपत्रिकेतली चूक दाखवल्यावर घरचे चिडतात तेव्हा तुम्ही काय करता? वाद घालता, की गप्प बसून मनात कुढता, की शांतपणे ‘ही बघा, तिसऱ्या ओळीत’ म्हणून बोट ठेवता? बोट ठेवणारी माणसं इथे चालतात. शब्दही मोजकेच लागतात. ‘माल खराब आहे’ असं लिहू नका. ‘२५ पैकी ४ पिसांत व्यास २४.९७२ ते २४.९७६, किमान २४.९७९ हवा’ असं लिहा. पहिल्या वाक्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर काय करायचं ते ठरतं. आणि गिऱ्हाइकाने लेखी डेव्हिएशन (मापाबाहेरचा माल चालेल अशी परवानगी) दिलं तर तोच माल मुकाट्याने जाऊ द्यायचा. तो अधिकार त्यांचा आहे, तिथे आपला इगो आणायचा नाही.

पगाराबाबत खोटी आशा देत नाही. सुरुवात ऑपरेटरच्या बरोबरीने किंवा खालीच होते, अनेकदा ठेकेदारामार्फत. पैसा वाढतो तो मापाच्या पुढे गेल्यावर: सीएमएम या मापं घेणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम लिहिता येणं, जीडी अँड टी (आकार आणि जागेच्या टॉलरन्सच्या खुणा) असलेलं ड्रॉइंग वाचता येणं, गिऱ्हाइकाची तक्रार मुळापर्यंत नेऊन उत्तर लिहिता येणं. संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूममध्ये मापनाचं शिक्षण चांगलं मिळतं. तुम्ही मात्र आधी सहा-आठ महिने कुठल्यातरी प्रयोगशाळेत किंवा औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) काढा, मग कोर्सचं ठरवा. डेटा एन्ट्रीची सवय वाया जाणार नाही, बॅच रेकॉर्ड तपासणं हे त्याच जातीचं काम आहे. खाडाखोड न करता एक रेघ मारून, सही-तारीख घालून दुरुस्ती करायची, एवढं नवीन शिकावं लागेल.

मुलाखतीला गेलात तर पगाराच्या आधी एक विचारा: नाकारलेल्या मालावर शेवटची सही कोणाची असते? उत्तर ‘प्रॉडक्शन मॅनेजरची’ असं आलं तर चहा पिऊन निघा.

राहिला चष्मा. तो आड येत नाही. जवळचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचता आलं की झालं. एनडीटीत जेगर तक्त्यावरचं जे-टू अक्षर फूटभर अंतरावरून वाचायला लावतात आणि ती तपासणी दरवर्षी होते. अडतं ते रंगाच्या बाबतीत. लाल-हिरव्याचा घोळ पुरुषांत जास्त असतो, बायकांत कमी, पण असू शकतो, आणि कित्येकांना ते नोकरी लागेपर्यंत ठाऊकच नसतं. तेव्हा कुठेही फी भरायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि नंबर काढून झाल्यावर ठिपक्याठिपक्यांचं इशिहारा पुस्तकही दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.